येतो म्हना

त्या गुरुवारी दवाखान्यातलं डायलिसिसचं मशीन बंद पडलं.

बायकोच्या डायलिसिससाठी आम्ही दोघं नेरहून एसटीने तिथे जायचो. वॉर्डाची साफसफाई करणाऱ्या मावशी दारात स्टुलावर बसलेल्या असत. दवाखान्यातून निघताना 'येतो' म्हणू नये, असं लोक मानतात. मावशींचं उलट होतं, कारण त्या वॉर्डात परत न येण्याचा अर्थ एकच असे. थकून कोणी 'जातो' म्हटलं की त्या ओरडत, "जातो काहून म्हनता जी? येतो म्हना!"

माझी बायको चिडवायची, "येते वं माय, तुह्याशिवाय करमते का मले?"

"ये मंग, तुह्यासाठीच बसली मी इथं!"

त्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "दुरुस्त होईल, तोवर नागपूरला जा." निघताना बायको नेहमीसारखी म्हणाली, "येते वं मावशी." मावशींनी मान खाली घातली आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसायला घेतली.

एसटीत बायकोने विचारलं, "मावशी आज 'ये' नाही म्हनल्या नं?"

मी कंडक्टरला नागपूरच्या गाडीची वेळ विचारली.

नागपूरच्या खेपा तिला झेपल्या नाहीत. पावसाळ्याआधीच ती गेली. मशीन अजून बंद आहे. तो रिकामा वॉर्ड मावशी रोज पुसतात.