चार बोटं खाली

‘ताई, खांद्याचं रडगाणं आता माझ्यापुढे लावू नका. तीन आठवडे मला दुकानोदुकानी फरफटवलंत, तेव्हा कुठे गेला होता खांदा?’

एवढं लिहून धाकट्या जावेने पेन आपटलं. फोनवर थोरली तिला बोलूच देत नसे, म्हणून पत्र.

थोरली टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आयुष्यभर हाताने गोधड्या शिवल्या. अंगठ्याचा सांधा गेला तशी डॉक्टरांनी हातशिलाई बंद केली. रिकामी बसली तर ही बाई भिंतींशी भांडेल, म्हणून मशीन घ्यायचं ठरलं. स्वस्त हवं आणि बसायला सुखाचंही हवं.

प्रत्येक दुकानात ती गोधडीची वळकटी काखोटीला मारून शिरायची.

"यात दोनशे टाके आहेत, आजी. फुलं, पानं, बदकंसुद्धा."

"बदकं तुझ्या शर्टावर काढ. ही वळकटी सुईच्या उजवीकडच्या पोकळीत मावते का ते दाखव."

मावत नसे. थोरली तरातरा पुढच्या दुकानात, धाकटी धापा टाकत मागे.

शेवटी डोळे अधू झालेल्या एका शिंप्याकडे मोटर बसवलेलं जुनं मशीन मिळालं, नव्याच्या पाव किमतीत. टाका एकच, सरळ. पण वळकटी ऐसपैस आत गेली. सुटले, असं धाकटीला वाटलं.

कसलं सुटले! मशीन जेवणाच्या टेबलावर ठेवलं नि शिवताना थोरलीचे खांदे कानाला टेकले. खुर्ची उंच केली तर पाय अधांतरी. उपाय तिनेच काढला: जुन्या टेबलाला मापाचं भोक पाडून मशीन चार बोटं खाली बसवायचं. मशीनच्या बुडाचा आकार तिने वर्तमानपत्रातून कापून धाकटीच्या हातात ठेवला.

"सुतार तुझ्याच गल्लीत आहे. एवढं देऊन ये."

"देते हो! तुमच्यापायी चपला झिजल्या माझ्या. दोन दिवस दम धरा."

दोन दिवसांचे दोन महिने झाले. काल थोरली फोनवर म्हणाली, "हात वर जात नाही गं. मशीन देऊन टाकते कुणाला तरी." कागदाबद्दल चकार शब्द नाही. धाकटीला झोंबलं ते हेच.

‘मशीन द्यायचं नाही, बजावून सांगते,’ तिने पुढे लिहिलं. चष्म्याचं फडकं शोधायला पर्स उपसली, तर तो कागद हाताला लागला, घड्यांवर विरलेला. ती चडफडत खिडकीशी गेली. सुताराच्या दुकानावर गेल्या सोमवारपासून ‘जागा भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती.

तेवढं मात्र पत्रात लिहायचं तिच्या जिवावर आलं.