सहाही कडवी गाणारे व्याही

गीताचे एक कडवे गाळण्यापेक्षा जेवण गाळणारा माणूस अख्ख्या नवापूर तालुक्यात एकच आहे, आणि ते माझे व्याही आहेत. मुलांची सोयरीक ठरवायला गेलो, तेव्हा मी लग्नाचा महिना विचारला. त्यांनी डोळे मिटून आधी सहा कडव्यांचे गीत म्हटले आणि मग "जानेवारी" एवढेच सांगितले. आमच्या ख्रिस्ती मंडळीत गीत सांगण्याचे काम त्यांचे. ते खड्या आवाजात एक ओळ सांगतात आणि सारी मंडळी ती उचलते. अक्षर न ओळखणाऱ्या म्हाताऱ्या आजवर अशाच गात आल्या. सूर मात्र ते इतका वर धरतात, की तिसऱ्या कडव्यापासून पुरुषांची बाजू नुसते ओठ हलवते. एकदा पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहत "दोन कडवी पुरेत" असे सुचवले, तर बाजारात शिकलेल्या अहिराणीत हे शांतपणे म्हणाले, "साहेब, बाकीना चार कोणले देऊ?"

गेल्या वर्षी कापणीच्या उपासनेला चर्चमध्ये प्रोजेक्टरचा पडदा लागला. शब्द भिंतीवर, सूर कीबोर्डवर. ओळ सांगणाऱ्याची गरज उरली नाही. त्या दिवशी व्याह्यांनी रागाने कीबोर्डची वायर उपटली, असे आता गावभर सांगितले जाते. सांगणारे त्या वेळी बाहेर भाताच्या पातेल्याभोवती होते. मी पहिल्या रांगेत होतो. वायर कोणीही उपटली नाही. गीत सुरू झाले आणि बायकांची बाजू गप्प राहिली. एका म्हातारीने मोठ्याने विचारले, "भाऊ, भिंत काय म्हणते?" तरुण मंडळी हसली. व्याही उठले, थेट बायकांच्या सतरंजीवर जाऊन पडद्याकडे पाठ करून बसले आणि दबक्या आवाजात ओळ सांगू लागले. म्हाताऱ्यांनी ती उचलली. कीबोर्ड वाजवणारी मुलगी प्रत्येक ओळीला थांबू लागली. सहाही कडवी झाली.

पडदा मी मागितला होता. बैठकीत त्यासाठी अर्धा तास बोललो होतो आणि त्यातले एक वाक्यही मी आज मागे घेत नाही. उपासना संपल्यावर दाराशी मी भांडायच्या तयारीनेच उभा राहिलो. व्याही आले, चपला शोधत म्हणाले, "अक्षरं मोठी ठेवली तुम्ही, व्याहीबुवा. चांगलं केलं." आणि जेवायला गेले.

आता दर रविवारी ते तिकडेच बसतात. पुरुषांच्या बाजूला माझ्या शेजारी एक जागा उरते. तिथे कोणी बसू लागले, तर मी मांडी जरा ऐसपैस करतो.