न वाजवता निवडलेलं पान

आमच्या गावच्या देवळात दोन जुने ढोल आहेत. एक पोरांचा, कोणीही उचलावा आणि बडवावा असा. दुसरा मानाचा. गावदेवीच्या पालखीपुढे त्यावर पहिला टोला आमच्या घराचा, म्हणजे माझ्या बाबांचा. यंदा दोन्ही ढोलांच्या तोंडावरची पानं फाटली आणि ते मढवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मानकोलीच्या गोदामात आलेला माल तपासते. "तुला मालातलं कळतं," असं देवळाचे अध्यक्ष म्हणाले. साबणाचे खोके तपासणं वेगळं आणि कातडं पारखणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार!

पोरांच्या ढोलाचं सोपं होतं. त्याला फायबरचं पान. पावसात ढिलं पडत नाही, फाटलं तर दुसरं लावा. अध्यक्षांचं म्हणणं, मानाच्या ढोलालाही तेच लावून मोकळं व्हावं. पण बाबांनी फायबरवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. "मेलेलं हाय," म्हणाले.

त्यात आमच्याकडची रीत अशी, की मानाच्या ढोलाचं नवं पान पहिल्यांदा देवीसमोरच वाजायचं. त्याआधी त्यावर कोणी बोटसुद्धा मारायचं नाही, मढवणाऱ्यानेही नाही. गोदामात माल खराब निघाला की मी सरळ परत पाठवते. हा माल मला तपासताच येणार नव्हता. वाजेल तेव्हा सगळं गाव समोर असणार होतं.

बाबांनी सारा जन्म कापडाच्या लूमवर काढला. त्या खडखडाटाने त्यांचे कान खाल्ले. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात पडलेलं असतं. गेल्या वर्षी पालखी थांबली, बाकीचे वाजवायचे थांबले, पण बाबा एकटेच वाजवत राहिले. माझ्या चुलतभावाने त्यांच्या हातातल्या काठीवर, टिपरूवर, हात ठेवला तेव्हा कुठे त्यांना कळलं. पोरं हसली. घरी येऊन बाबा न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. मला त्या पोरांच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

यंदा पान फाटल्याचं समजल्यावर ते एवढंच बोलले, "नवा पान हाताला कळला तर वाजवीन. न्हाय कळला तर टिपरू पुतन्याला देऊन टाकीन. लोकांना हसवायला मी कय जोकर हाय?"

टीव्ही गेला, गप्पा गेल्या, फोन गेला. ढोल गेला तर या माणसाला उरतं काय? तेव्हापासून ड्युटीवर खोक्यांवर शिक्के मारताना माझ्या डोक्यात कातडंच असायचं.

भिवंडीत लूमच्या गल्लीत ढोल मढवणारे एक चाचा आहेत. त्यांनी माझ्यापुढे दोन कातडी टाकली. एक कोवळ्या बकऱ्याचं, पातळ, उजेडात धरलं की पलीकडची बोटं दिसतील असं. दुसरं म्हाताऱ्या बोकडाचं, जाडजूड.

"आवाज चाहिए तो पतला लेके जाओ," चाचा म्हणाले. "तुमचा ढोल छोटा हाय. मोटा चमडा लगाया तो आवाज दब जाएगा."

मी विचारलं, "हाताला कुठलं जास्त कळेल?"

असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. मग दुकानात दुरुस्तीला आलेले दुसऱ्यांचे दोन ढोल त्यांनी पुढे ओढले. मी कानांत कापूस कोंबला आणि ढोलाच्या अंगावर तळहात ठेवला. पातळ पानाचा ढोल चाचांनी वाजवला, तर हाताला नुसती झिणझिण आली. जाड पानाच्या ढोलाने मनगटापासून कोपरापर्यंत धक्का दिला. गल्लीतल्या लूमचा हादरा जमिनीतून येतच होता, तरी तो धक्का वेगळा कळत होता.

मी जाड कातड्यावर बोट ठेवलं. चाचांनी पुन्हा बजावलं, "बाद में मत बोलना." "नाही बोलणार," असं म्हणाले खरं, पण रिक्षात बसल्यावर शंका आली. बाबांच्या हातासाठी मी गावाचा ढोल बिघडवत तर नव्हते?

मढवलेला ढोल कापडात गुंडाळून देवळात आला. येता-जाता मी त्याच्याकडे बघायचे. एकदा देवळात कोणी नसताना टिचकी मारायला बोट पुढेसुद्धा केलं, आणि देवीकडे लक्ष गेल्यावर मागे घेतलं. अध्यक्ष भेटतील तिथे म्हणायचे, "फायबर आणलं असतं तर आवाजाची खात्री तरी होती. आता पालखीला वाजला पायजे हां!" मी हसून निघून जायचे. रात्री दचकून जाग यायची.

पालखीच्या दिवशी बाबांनी गळ्यात ढोल अडकवला. हात जोडून देवीला नमस्कार केला, डावा तळवा ढोलाला टेकवला आणि टिपरू उगारलं.

टोला पडला. धान्याच्या गोणीवर काठी मारावी तसा भद्द आवाज झाला, माणसांच्या दोन ओळींपलीकडे पोचला नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. चुलतभावाने खाली मान घातली. सगळ्या गावाच्या नजरा माझ्यावर.

बाबांनी दुसरा टोला मारला. मग तिसरा. त्यांचे डोळे मिटले होते, ढोलावरचा तळवा थरथरत होता आणि चेहऱ्यावर असं हसू होतं, की ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "आला!" ते ओरडले, स्वतःचा आवाज कळत नसलेल्या माणसासारखे, जोरात. "हातात आला! कय वाजतोय बघा!"

कोणीतरी आता बोलणार, ढोल वाजत नाही हे हातवारे करून त्यांना सांगणार, या भीतीने मी अध्यक्षांकडे बघितलं. पालखीचा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता. त्यांनी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी दांडा सावरला, मागच्यांना मानेने खूण केली, आणि त्या भद्द आवाजावर पालखी नाचायला लागली.