लाडू माझ्या हातात शांत होता

ही गोष्ट आमच्या ओळखीतल्या सगळ्यांनी माझ्या तोंडून ऐकली आहे. आणि तरी ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही — म्हणजे खरी. फ्रँकफर्टमधल्या मराठी घरांत गणपतीची जेवणं झाली, पानं उचलली, की कुणीतरी म्हणतं, "अजगराची सांगा ना." मी थोडे आढेवेढे घेतो आणि सुरू करतो. लोक हसतात. मला माणसं हसवता येतात, बाकी फारसं काही येत नाही. आज ती तुम्हाला जशी झाली तशी सांगायची आहे. सुरुवातीला हसू येईल. आलं तर हसा.

मी भित्रा माणूस आहे. यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पहिल्या दिवाळसणाला साताऱ्याला सासऱ्यांच्या न्हाणीघरात पाल दिसली आणि मी अंगभर उटणं, कमरेला पंचा, अशा थाटात थेट बाहेरच्या खोलीत येऊन उभा राहिलो. तिथे सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका फराळाला बसल्या होत्या. तेव्हापासून त्या घरात मी पालीचा जावई. अशा माणसाच्या घरात अजगर कसा आला? मुक्ता, आमची एकुलती एक मुलगी, तेव्हा सोळा-सतराची होती. तिने विचारलं, अजगर पाळू का. आम्ही म्हणालो, "बघू." आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. जर्मनीत वाढलेल्या मुलीला माहीत नव्हता. ती काचेची पेटी घेऊन आली.

पिल्लूच होतं. दोन बोटांइतकं जाड. ही जात घाबरली की अंगाचा गोळा करून डोकं मधे लपवते, म्हणून नाव ठेवलं लाडू. पण आमचा लाडू सहसा गोळा व्हायचा नाही. तो मान आखडून घ्यायचा, फुस्स करायचा आणि काचेवर तोंड आपटायचा. मी खोलीत नुसतं पाऊल टाकलं तरी. काचेवर तो आवाज झाला की मी आल्या पावली दाराबाहेर.

मुक्ताने त्याला कसं माणसाळवलं ते मी दारातून पाहिलं आहे. अंगात घातलेला टी-शर्ट न धुता पेटीत ठेवायचा, वासाची सवय व्हावी म्हणून. रोज शाळेतून आली की पेटीत एका कडेला हात ठेवायचा आणि नुसतं बसायचं. हात लावायचा नाही. तो अंगावर यायचा, ही हलायची नाही. "वरून हात आला की त्याला घार वाटते, बाबा. बाजूने जायचं. तो वाईट नाहीये, त्याला आंग्स्ट आहे, भीती. गेनाऊ, अगदी तुझ्यासारखी." काही आठवड्यांनी एका दुपारी लाडू आपणहून तिच्या बाहीत शिरला. ती रडत होती आणि खांदा हलू देत नव्हती. एवढा धीर तिच्यात कुठून आला? माझ्याकडून नक्की नाही.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर समुद्रावर गेली आणि लाडू माझ्याकडे आला. जायच्या आधी तिने मला सगळं शिकवलं. फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीखाली, आइस्क्रीमच्या डब्यात, उंदीर. (त्या डब्यावर वर्षाने, माझ्या बायकोने, लाल चिकटपट्टीची फुली मारली होती. तो खण ती डोळे मिटून उघडायची.) उंदीर गरम पाण्यात सोडायचा, पुसायचा, लांब चिमट्यात धरून बाजूने थोडा हलवायचा. खाल्लं की दोन दिवस हात लावायचा नाही. आणि ऊब — पेटीखालची गरम चटई कधीही बंद करायची नाही. थंडी लागली तर तो हलत नाही, पोटातलं पचत नाही, तिथेच सडतं. हे शेवटचं तिने मला मराठीत सांगितलं, एकेक शब्द शोधत, म्हणजे मला नीट कळावं. मला नीट कळलं होतं. हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे मला न कळल्याचा आडोसा घ्यावासा वाटेल.

मी त्याला भरवलं. खरंच भरवलं. ओव्हनचे जाड हातमोजे घालून, चेहरा जमेल तितका मागे नेऊन. तो झेपावला तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या बाई विचारायला आल्या. पण त्याने उंदीर पकडला, गिळला. त्या दिवशी मी घरभर छाती काढून फिरलो. गोष्ट इथेच थांबायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. "जावईबापू, उद्या नागपंचमी. आम्ही पाटावर चंदनाचा काढतो, तुमच्याकडे तर खरा आहे म्हणे. दर्शन तरी घडवा."

"आई, अजगर आहे तो, नाग नव्हे."

"फणा नसेना का, कुळातलाच आहे. हातात घेऊन दाखवा पण. का मुक्ता आल्यावर?" मागे कुणीतरी खुसखुसलं. पालीची आठवण निघाली असणार, दुसरं काय?

मी म्हणालो, उद्या दाखवतो. हातात घेऊन दाखवतो.

फोन ठेवून पेटी उघडली. बाजूने हात नेला. त्याने मान आखडली, आणि मी हात झटकन मागे घेतला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मुक्ताने कित्येक आठवडे घालवले होते, मला उद्या सकाळी हवं होतं. मग मला आठवलं — थंडीत तो हलत नाही. तीच गोष्ट, तिने शोधून शोधून मराठीत सांगितलेली. मी ती अशी वापरली.

आमच्या इमारतीला तळघर आहे. प्रत्येक घराला जाळीची एक खोली, भर ऑगस्टातही शिरलं की थंडीने अंगावर काटा येतो. मी लाडूला झाकणाच्या डब्यात घातलं, चिकटपट्ट्या लावल्या आणि हिवाळ्याच्या टायरांशेजारी ठेवून आलो. वर्षाला म्हटलं, रद्दी ठेवून आलो. पोटात उंदीर होता. कालचाच. ते मला माहीत नव्हतं का?

सकाळी तो माझ्या तळहातावर ओल्या दोरीसारखा पडून राहिला. जीभसुद्धा बाहेर काढत नव्हता. वर्षाने डब्याच्या झाकणाला हळदकुंकू वाहिलं, फोनच्या पलीकडे सासूबाईंनी हात जोडले. मागच्या बायका म्हणाल्या, "बाई गं, कसा शहाण्यासारखा बसलाय." फोटो निघाला. मुक्ताला गेला. तिने लगेच फोन केला, आवाज भरून आला होता. "बाबा, तू केलंस? एकट्याने? त्याचा तुझ्यावर विश्वास बसला." मी म्हणालो, "बसला खरा."

दुसऱ्या दिवशी त्याने उंदीर ओकला. तो वास मी विसरलेलो नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून अंगणातल्या कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि पेटी पुसली. मुक्ताला फोनवर सांगितलं, मस्त आहे.

मुक्ता परतली तेव्हा लाडू तोंड वर धरून श्वास घेत होता, आणि श्वासाबरोबर तोंडाशी बुडबुडे येत होते. डॉक्टरबाईंनी तपासलं, फुप्फुसांत संसर्ग आहे म्हणाल्या. मग विचारलं, मधे कधी थंडी लागली होती का? मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नाही हो. घरी मी होतो म्हणून, इतकंच. आतापर्यंत मी सापाला भीत होतो. त्या खोलीत मला माझ्या मुलीची भीती वाटली — ती यापुढे माझ्याकडे कशी बघेल, याची. मी म्हणालो, "नाइन." नाही. जर्मनमध्ये म्हणालो, म्हणजे दोघींनाही पुरेल.

मग कारण तर हवं. ते मुक्ताने स्वतःच शोधलं. चटईचं तापमान सांभाळणारं यंत्र तिने जुनं, कुणाकडून वापरलेलं आणलं होतं. ते मधे बंद पडत असणार. "मी नवीन घ्यायला हवं होतं. मी तपासून जायला हवं होतं, बाबा." ती त्याला रोज इंजेक्शन द्यायची, तेवढाच धीर, तेवढाच हळू हात. मी शेजारी दिवा धरून उभा असायचो. तेव्हा सांगता आलं नसतं का? रोज आलं असतं. ऑक्टोबर लागता लागता लाडू गेला. ती म्हणाली, माझ्यामुळे. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. ते यंत्र चांगलं होतं. मी ते नंतर लावून पाहिलं, तापमानाचा आकडा जागचा हलला नाही. मग फेकून दिलं.

तिने पुन्हा प्राणी पाळला नाही. प्राण्यांची डॉक्टर व्हायचं म्हणायची, ते बोलणंही हळूहळू बंद झालं. आता कोलोनला शिकते. मित्रमंडळींत अजगराची गोष्ट निघाली की सगळ्यात मोठ्याने तीच हसते, आणि शेवटी सांगते, लाडू फक्त बाबांच्या हातात असा शांत बसायचा.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. मला स्टेशनवर सोडायला निघाली. जिना उतरलो, रस्त्यावर आलो, आणि ती थांबली. "आइन मोमेंट. शेगडी बघून येते." आली, दहा पावलं चाललो, पुन्हा थांबली. आता हीटर. तिच्या मैत्रिणी याला हसतात म्हणाली. "लाडूपासूनच झालंय हे. वेडेपणा आहे ना, बाबा?"

मी म्हणालो, "वेडेपणा कसला, चांगली सवय आहे. जा, बघून ये." आणि ती चार मजले पुन्हा वर गेली.