दहापैकी किती

इस्त्रीवाल्या काकूंनी तीस वर्षं उभ्यानं लोकांच्या कपड्यांच्या घड्या केल्या, पण कमरेनं कधी हूं की चूं केलं नाही. कंबर धरली ती नवऱ्याला उचलायला लागल्यापासून. काका घड्याळं दुरुस्त करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर त्यांना काकूच न्यायच्या. दर वेळी तोंडून ‘आई गं’ निघायचं आणि काका डोळे मिटून घ्यायचे.

शेवटी लेकीनं ठणकावलं, “डॉक्टर कमरेत इंजेक्शन देणार आहेत, त्यानं गुण आला तर ठीक. नाहीतर बाबांना शुश्रूषागृहात ठेवायचं. मी जागा बघून ठेवलीये.”

काकू वरवर नको नको म्हणाल्या. खरं सांगायचं तर गुण येऊच नये असं त्यांना वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला असता आणि बोल कमरेला लागला असता.

डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपवलं, पाठीवर गार जेली चोपडली आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं.

“ती पांढरी रेघ दिसतेय ना, काकू? ती सुई. तिच्या टोकाशी तुमची दुखरी नस.”

“मला सगळं धुकंच दिसतंय. तुम्हाला दिसतंय ना? मग झालं.”

थोडा दाब जाणवला, मग तिथलं सगळं बधिर झालं.

“ही नुसती परीक्षा,” डॉक्टर म्हणाले. “असर पाच-सहा तास. घरी जाऊन एरवी जे केल्यावर दुखतं तेच करा आणि दहापैकी किती दुखलं ते या कागदावर लिहा. निम्म्याहून कमी झालं तर ती नसच जाळून टाकू. वर्षभर तरी बघायला नको.”

घरी येऊन काकूंनी काकांच्या काखेत हात घातले आणि उचललं. ना कळ, ना चमक. काकांनी डोळे मिटलेलेच होते. आवाज आला नाही म्हणून त्यांनी एक उघडला, मग दुसरा.

“दु... दुखलं?”

“नाही हो.”

“मग... टेबलापाशी?”

कामाच्या टेबलापाशी बसवायचं तर आणखी एकदा उचलावं लागे. चार वर्षांत त्यांनी ते मागितलं नव्हतं. काकूंनी त्यांना तिथल्या खुर्चीत बसवलं. काका डावा हात टेबलावर फिरवत रडायला लागले. काकूंना रडू आलं नाही.

त्यांनी कागद घेतला. आठ लिहिलं की झालं. कंबर त्यांची, तपासायला कोण येणार होतं?

फोन वाजला. “आई, किती?”

काका त्यांच्याकडे टक लावून बघत होते.

“शून्य,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे बाबा घरीच!” लेक आनंदानं ओरडली.

“हो. घरीच.”

आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. काकांना परत पलंगावर न्यायचं होतं. काकू उठल्या.