सरस्वती आणि काशीचा आवाज

आमची सरस्वती बदकाच्या पाठीला कान लावून बसायची. संध्याकाळी खुराड्यात घालायच्या आधी एकेक बदक उचलायची, काखेत धरायची आणि डोळे मिटून आतला श्वास ऐकायची. मी ओसरीवरून विचारायचो, "काय म्हणायलंय?" ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा बरं बोलायलंय."

ही सवय तिला मागच्या थंडीत लागली. बदकं मात्र आधीपासूनची. आमच्या ताडकळसच्या बाजूला कोंबड्या घरोघर, बदकं पाळणारी ही एकटीच. शेततळं झालं तशी ती बाजारातून जोडी घेऊन आली, पिशवीतून माना बाहेर. लोक हसले, मीही हसलो. बाई लय हट्टी होती, खोटं कशाला लिहू. त्या जोडीतली मादी म्हणजे काशी. पहाटे ओरडली की पार सडकेवर ऐकू जायचं. सरस्वती म्हणायची, "ही ओरडल्याबिगर मला उजाडल्यावानी वाटत न्हाई."

त्या थंडीत बदकं शिंकायला लागली. डोकी झटकायची, मान लांब करून चोच उघडी टाकायची. काशीचा तर आवाजच बसला. पत्र्यावर काडी घासावी तसं काहीतरी निघायचं.

सरस्वतीनं ठरवलं, सर्दी. लेकराला करतात ते सगळं केलं. खुराड्यात पोती अंथरली, ओव्याची धुरी दिली, डोक्याला कोमट तेल चोळलं आणि तळ्याच्या वाटेवर बोरीच्या काट्या लावल्या. मी म्हणालो, "बदकाला कसलं पाणी बाधतंय?" तर म्हणाली, "सर्दी झाल्यावर लेकराला विहिरीत सोडता का तुमी?" बदकं दिवसभर काट्यापाशी उभी राहून पाण्याकडं बघायची.

त्यातली दोन मेली. शेजारचा नामदेव म्हणाला, "काकू, कुणाला कळायच्या आत बाकीची बाजारात काढा." सरस्वती म्हणाली, "आन घेणाऱ्याच्या दारात मरू दे म्हन्तोस? गप घरी जा बाबा."

मग मेलेलं बदक पिशवीत घालून आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण तरुण पोरगी. तिनं बदकाची श्वासाची नळी चिरली आणि उजेडात धरली. आत रव्याचे कण असावेत असे पांढरे ठिपके. नीट बघितलं तर ते चालत होते.

"आजी, ही सर्दी नाही. गुरांना गोचीड असते ना, त्याच जातीची ही बारीक कीड. ही आत राहते, श्वासाच्या वाटेत. धुरानं त्रास वाढला त्यांचा. पाण्यात जाऊ द्या, नाक धुतात ती."

सरस्वतीनं त्या नळीत वाकून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी मी त्यायला धुरात कोंडलं आन पाण्यापासून तोडलं."

"माहीत नसलं की होतं असं, आजी."

"पर ह्या किड्याला बदकाच्या नाकाची वाट कोणी दावली?"

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "तळ्यावर बाहेरची पाखरं उतरतात, त्यांच्याकडून येत असेल." मानेवर टाकायचे थेंब दिले, काही दिवसांनी परत टाकायचे म्हणाली. "मी सांगेपर्यंत अंडी खाऊ नका," अशी ताकीदही दिली. काशीच्या आवाजाचं विचारलं तर म्हणाली, येईल, नाहीही येणार.

घरी आल्यावर सरस्वतीनं पाणीसुद्धा प्यायलं नाही. आधी काट्या ओढून काढल्या. बदकं अशी पडली तळ्यात की तिचं लुगडं भिजलं. तेव्हापासून ती रोज कान लावायला लागली. हळूहळू सगळ्यांची घरघर गेली. काशी खायची, पोहायची, पण आवाज नाही. सरस्वती तिला पुढ्यात घेऊन म्हणायची, "रागावलीस व्हय माझ्यावर? रागाव, पर बोल."

उन्हाळ्यात सरस्वतीचंच पोट फुगलं. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. लिव्हर गेलं म्हणाले. मी रोज सकाळच्या बसनं जायचो. माझी विचारपूस नाही, जेवलात का हेही नाही. पहिला सवाल हाच, "काशी बोलली का?"

"न्हाई अजून."

"बोलली की येऊन सांगा. फोन नका करू. ती कशी ओरडली ते मला ओरडून दावा."

"हितं? दवाखान्यात?"

"मग काय झालं. समदे कण्हायलेतच की."

मी दाखवीन म्हणालो. तिनं माझा हात उशीखाली ओढून ठेवला, पाकीट ठेवावं तसा. चारचौघांत हात धरायची बाई नव्हती ती. त्याच आठवड्यात गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. एका सकाळी मी बदकांना कोंडा टाकत होतो. काशी तळ्यातून वर आली, अंग झटकलं, आणि ओरडली. पहिल्यासारखी, सडकेपर्यंत. नामदेव बाहेर येऊन बघायला लागला. ती ओरडतच राहिली.

मी कोंड्याची पाटी तिथंच ठेवली. हात धुतले, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि भरभर फाट्यावर गेलो. परभणीची बस लागलीच होती. चढलो, खिडकीपाशी बसलो. काशीसारखं ओरडायचं कसं, ते मनात जुळवत होतो. बस निघाली.

कंडक्टर ओळखीचा. तिकिटाला आला आणि म्हणाला, "बाबा, आज कुठं?"

मला सांगता येईना.