हमादीबरोबर कैरवानला

सलूहा आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. इथे स्फाक्समध्येच एका बालवाडीत ती स्वयंपाकीण आहे. सकाळभर पोरांसाठी मोठमोठी पातेली चढवायची, उतरवायची, आणि दुपारी घरी येऊन पुन्हा गॅससमोर उभं राहायचं, हे तिचं आयुष्य. जीभ तिखट, पण कोणाचं मूल तापलं तर रात्री जागायला पहिली तीच येते.

नवरा हमादी. लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त झालाय. बस गेली, सवय राहिली. रस्त्यात कोणी हात केला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. कोणाचं सामान वाहून दे, कोणाला दवाखान्यात सोड, कोणाच्या लग्नाला गाडी घेऊन जा. नाही म्हणणं त्याला ठाऊकच नाही. सगळी गल्ली म्हणते, सोन्यासारखा माणूस. सलूहा म्हणते, "सोन्याला घरी कोण सांभाळतंय ते मला विचारा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघंच कुठे गेलीत असं कधी झालं नव्हतं. शेवटी ट्यूनिसला असलेल्या त्यांच्या मुलीने, इनेसने, मनावर घेतलं. पैगंबरांच्या जन्माचा सण, आमचा मुलेद, त्या वर्षी रविवारी आला होता. कैरवानच्या जुन्या शहरात एका घराचं छोटं हॉटेल केलंय, तिथली खोली तिने आईवडिलांसाठी घेतली, पैसेही भरले. सलूहाने एकच अट घातली.

"दोन दिवस मी पळी हातात धरणार नाही. चहासुद्धा दुसऱ्याने केलेला पिणार."

"अगं, तू राणीसारखी बस नुसती," हमादी म्हणाला.

शनिवारी सकाळी ती नवी ओढणी घेऊन गाडीत बसली. पुढे काय झालं ते दोघांनीही मला येऊन वेगवेगळं सांगितलं. हमादीचं सांगणं ऐकलं की वाटतं सहल झकास झाली. सलूहाचं ऐकलं की कपाळावर हात मारावासा वाटतो. मी तिच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते.

शहर सोडून थोडं पुढे गेले, तोच रस्त्याकडेला एक म्हातारा उभा. शेजारी खोक्यात कोंबडीची पिल्लं. गाडी थांबली.

"हमादी, नको."

"वाटेवरच तर आहे त्याचं गाव."

गाव वाटेवर नव्हतं. हमरस्ता सोडून ऑलिव्हच्या बागांमधून बरंच आत होतं. खोकं सलूहाच्या मांडीवर, पिल्लं ओढणीवर. गावात पोचल्यावर म्हाताऱ्याच्या घरचे सोडेनात. हमादी बागेत सतरंजीवर मांडी घालून बसला तो बसलाच. ताजा पाव, तेल, ऑलिव्ह, मग चहा, मग दुसरा चहा. खिशात फोन वाजत होता. तो म्हणाला, "इनेस असेल, नंतर करू."

फोन हॉटेलवाल्याचा होता. संध्याकाळच्या आधी कशीबशी दोघं कैरवानला पोचली, तटाबाहेर गाडी लावून माणसांच्या लोंढ्यातून वाट काढत दारात आली, तर मालक म्हणाला, "तुम्ही दुपारपर्यंत येणार होतात. किती फोन केले! शेवटी खोली दुसऱ्यांना दिली. ताई, सण आहे, माणसं दारात झोपायला तयार आहेत."

सलूहाने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात हमादीने मालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बिचाऱ्याची काय चूक? किती धावपळ होत असेल रे तुझी! जेवलास का काही?"

सलूहा मला म्हणाली, "माझी खोली गेली, आणि हा त्याच्या जेवणाची चौकशी करतोय!"

मुलेदला कैरवानमध्ये पाय ठेवायला जागा नसते, खोली कुठली मिळणार? चार दारं फिरून दोघं मकरूदच्या, म्हणजे खजूर भरलेल्या मिठाईच्या, दुकानापाशी आली. सलूहा पायरीवर बसली, हमादी रांगेत उभा राहिला. रांग हलेपर्यंत त्याने पुढच्या बाईची पिशवी आपल्या हातात घेतली होती आणि तिच्या गुडघ्याचं दुखणं ऐकून संपवलं होतं. परत आला तो तिला घेऊनच.

"सलूहा, या लल्ला तुर्किया. म्हणतात आमच्याकडेच राहा." लल्ला म्हणजे बाईसाहेब.

"सणाला आलेला पाहुणा रस्त्यावर राहिला तर आम्हाला लाज नाही का?" म्हातारी म्हणाली आणि सलूहाचा हात धरून चालू लागली. बाई मनाची मोठी, यात शंका नाही. पण घर नातेवाइकांनी आधीच ओसंडून वाहत होतं. बायकांनी आतल्या खोलीत झोपायचं, पुरुषांनी माडीवर. म्हणजे नवराबायकोच्या सहलीत बायको इकडे आणि नवरा तिकडे.

तेही तिने गिळलं. घरातल्या चौकात उशीला टेकून ती पाय पसरते न पसरते, तोच तिला हमादीचा आवाज ऐकू आला.

"असीदा ना? मावशी, माझी बायको झगूगूची असीदा अशी करते की पळी चाटत बसावं!"

झगूगू म्हणजे पाइनच्या काळ्या बिया. त्यांचा वाटून गाळलेला रस, पीठ आणि साखर मंद आचेवर न थांबता ढवळायचं, तेव्हा ती मुलेदची काळी खीर होते. चौकात त्याचंच भलंमोठं पातेलं चढलेलं होतं आणि तुर्कियाच्या सुनेचा हात भरून आला होता. सगळ्या बायकांनी सलूहाकडे वळून पाहिलं. पाहुणी म्हणून आलेली बाई काय करणार? उठली. पळी हातात आली.

बराच वेळ ती ढवळत होती. घाम डोळ्यांत, नवी ओढणी खांद्यावर गुंडाळलेली. बाहेर गल्लीत डफ वाजू लागले होते. हमादी माडीवरच्या पुरुषांना बसच्या गोष्टी सांगून खाली आला, हातात चहाचा पेला. स्वतःसाठी.

"काय, मजा येतेय ना?" त्याने विचारलं.

सलूहाने पळी थांबवली. त्याला तिने जेव्हाजेव्हा 'सी हमादी' म्हटलंय, म्हणजे साहेब हमादी, तेव्हा पुढे वादळ आलंय, हे आमची सगळी इमारत जाणते.

"सी हमादी," ती हळूच म्हणाली, "पेला खाली ठेव."

त्याने ठेवला.

"हात पुढे कर."

त्याने केला. तिने त्यात पळी दिली.

"थांबलास तर बुडाला लागेल. एकाच दिशेने ढवळ. मी चालले."

"कुठे? अगं, मला कुठे येतं हे? लोक काय म्हणतील?"

"तू सांग ना त्यांना काय म्हणायचं ते. तुला बोलायला आवडतं."

आणि ती खरंच निघाली. हातात पर्स आणि मकरूदचा पुडा. गल्लीत दिव्यांच्या माळा, अंगावर येणारी माणसं. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. गर्दी जिकडे चालली होती तिकडे ती गेली. सिदी सहबीच्या दर्ग्याच्या अंगणात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एका अनोळखी बाईने सरकून तिला जागा दिली, नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. समोर माणसं झुलत स्तुतीची पदं म्हणत होती. सलूहा खजुराचे मकरूद एकामागून एक खात बसली आणि, तिच्याच शब्दांत, "मनातल्या मनात त्याला शिव्या देत." शिव्या कधी संपल्या ते तिला कळलं नाही. पुडा संपला तेव्हा ती पदांबरोबर गुणगुणत होती.

परत निघाली तर वाट सापडेना. गल्ल्या सगळ्या सारख्याच, दारं सगळी निळी. तिने एका दुकानदाराला लल्ला तुर्कियाचं घर विचारलं.

"कोणती तुर्किया? इथे तिघी आहेत."

"आज असीदा करताहेत, खूप पाहुणे आहेत..."

"हां, हां! त्या स्फाक्सच्या हमादीचं घर! डावीकडे वळा."

एका संध्याकाळीत ते हमादीचं घर झालं होतं!

आत गेली तर चौकात हशा. हमादी सदऱ्याच्या बाह्या सारून, लालबुंद तोंडाने ढवळतोय, आणि भोवती बायका टाळ्या वाजवताहेत. खीर तळाला लागली होती, वास दारापर्यंत येत होता. तरी म्हातारी म्हणत होती, "किती गुणी नवरा मिळालाय गं तुला!"

सलूहाचा चेहरा मी पाहिला नाही, पण कल्पना करू शकते. "जन्मभर मी ढवळतेय," ती मला म्हणाली, "माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली? त्याने एकदा जाळली, तर कौतुक!"

सकाळी वाट्या बदामांनी सजल्या, शेजारी वाटल्या गेल्या. तिने सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, म्हातारीच्या कपाळाचं मनापासून चुंबन घेतलं. मग बॅग उचलून थेट त्या हॉटेलात गेली. हमादी मागून धापा टाकत आला.

"सणाची गर्दी आज उतरेल," ती मालकाला म्हणाली. "पैसे माझ्या मुलीने भरलेत. खोली आज हवी. नाही तर मी इथेच दारात बसते, आणि माझा आवाज बालवाडीच्या पोरांवर कमावलेला आहे."

मालकाने हमादीकडे पाहिलं. हमादीने सलूहाकडे. किल्ली मिळाली.

"चला, छान झालं," हमादी बॅग उचलायला वाकला.

"तू नाही. तू घरी जा. मी उद्या येते, लुआजने." लुआज म्हणजे भरली की सुटणारी टॅक्सी.

"एकटी? आणि जेवणाचं?"

"माझं हे लोक बघतील. तुझं तू बघ."

तुझं तू बघ म्हणजे आम्ही बघायचं, हे मी त्या रात्री शिकले. हमादी आमच्या टेबलाशी बसून दोनदा वाढून घेत होता आणि विचारत होता, "मी केलं काय? सांगा ना, मी कोणाचं वाईट केलं?" माझ्या नवऱ्याने मान हलवली. मी भांडी आपटली.

सलूहाने तिकडे काय केलं? काही नाही. जेवली, झोपली, सकाळी कोणीतरी दारात नाश्त्याचं ताट ठेवलं ते पलंगावर बसून खाल्लं. बालवाडीला फोन करून सांगितलं, आज पोरांना पाव आणि चीज द्या. "गादी फार मऊ होती," ती म्हणाली, "पाठ धरली थोडी. पण शांतता, बाई गं!"

सोमवारी संध्याकाळी ती स्फाक्सच्या लुआज-थांब्यावर उतरली. हमादी तिला घ्यायला आला होता. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. जुने ड्रायव्हर मित्र भेटले होते, त्यांना तो हातवारे करून कैरवानच्या असीदाची गोष्ट सांगत होता. सलूहा बॅग घेऊन त्याच्यापासून चार हातांवर उभी राहिली. वाट पाहिली. गोष्ट संपेना. तिने टॅक्सी केली आणि घरी आली.

बऱ्याच वेळाने तो धावतपळत जिना चढून आला. ती केस धुऊन गॅलरीत बसली होती.

"तू कधी आलीस? मी तिथे शोधतोय तुला!"

"तू बोलत होतास."

तो तिथेच उंबऱ्यात उभा राहिला. मग म्हणाला, "आता म्हणजे... जेवायला काय करायचं?"

सलूहा केस झटकत राहिली. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं, आणि पाठोपाठ हमादीचा आवाज आला, "मीठ कुठल्या डब्यात असतं?"